पाहुण्याची देखभाल

बाहेरचं आत येऊ शकतं,
आतलं बाहेर जायचं नाही, हा पहिला नियम.
म्हणून ज्यातून बघायचं ती खिडकीच आणून बसवली,
महापेच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
एका जुन्या सर्व्हरच्या पोटात दुसरं यंत्र
ज्याला स्वतःचं लोखंड नाही.
मी त्यांना यजमान आणि पाहुणा म्हणते.
पाहुण्याला सोळा जीबी मेमरी, चार कोअर,
आणि एकच दार, आतल्या पडवीत उघडणारं.

माझं गाव तळवली. चहूबाजूंनी सेक्टर,
मध्ये आमची आळी, नकाशावर नुसती करडी.
एकाच्या पोटात दुसरं कसं नांदतं
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

गुरुवारी डिस्क भरली. अठ्ठ्याण्णव टक्के.
अपडेट अर्ध्यात लटकलं.
यादीत माणसाशेजारी रांगेनं उभे:
उंदीर, कोंबडी, हत्ती, झेब्रा मासा,
प्लॅटिपस नावाचं कायतरी.
डॉ. दळवींना फोन लावला, मॅडम, कुणाला घालवू?
त्या हसल्या. कोंबडी राहू दे गं,
हत्ती काढ, त्याचं आपल्याकडे काही काम नाही.
काढला.
चाळीस जीबी निघाले. हत्तीच्या मानानं कमीच.

शुक्रवारी एमआयडीसीचं पाणी बंद, म्हणून चिलर बंद.
रॅकसमोर उभा पंखा लावून
मी लॉग वाचत बसले. ते माझं कामच आहे.
लॉगमध्ये माणसं नसतात, पत्ते असतात:
अकरावं गुणसूत्र, बावन्न लाखांच्या पुढचा कोपरा.
तिथलं एक जनुक उलट्या दिशेनं वाचतात
एवढं ऐकून आहे.

पहाटे दोन दहा. दोन बारा. दोन चौदा.
त्याच जागी एकवीस वेळा.
जवळ जायचं, एकेक अक्षर सुटं दिसेपर्यंत,
मग लांब, अख्खं गुणसूत्र काडीएवढं होईपर्यंत,
मग पुन्हा तिथंच.
फाइल नवी. प्रकल्प क्रमांक कोरा.
इथं नमुन्यांना सात आकडी नंबर देतात,
हिचं नाव नुसतं ‘घर’.
त्या रात्री दारावर एकच कार्ड पंच झालेलं.

दुपारी डॉ. दळवींनी डबा उघडला,
बोंबलाचं सुकं माझ्याकडे सरकवलं,
आणि भाकरी मोडता मोडता म्हणाल्या,
निलिमा, रात्री जरा हळू चालतं का गं ते?
मी म्हटलं, बघते.

सगळे गेल्यावर पाहुण्याला झोपवला.
सवयीनं आधी स्नॅपशॉट घेतला,
बिघडलंच काही तर इथवर परत येता येतं.
पाहुण्याचं तेवढं बरं असतं.
मेमरी बत्तीस केली.
दर वेळी साता समुद्रापलीकडून मागवावं लागायचं
ते अकराव्याचं सगळं इथंच उतरवून घेतलं,
हत्तीच्या रिकाम्या जागेत,
म्हणजे ते पान उघडेपर्यंत
कुणाला श्वास धरून बसावं लागू नये.
साडेअकराला चाचणी घेतली.
पत्ता मात्र दुसराच टाकला, शेजारचा.

लॉग तीस दिवसांनी आपोआप पुसला जायचा.
मी एका दिवसावर आणला.
बदलाच्या नोंदवहीत
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
जागा कमी.