गोणीचा तळ

बुरोंडकर खजिनदार झाले त्या दिवशी
कौशातल्या आमच्या शाळेच्या ऑफिसात
मिरचीचा ठसका शिरला.
तीस वर्षं तुर्भ्याच्या मसाला मार्केटात काढलेला माणूस,
खुर्चीत बसायच्या आधी
खडूंचं खोकं उलटं केलं टेबलावर.
"वरचे अख्खे असतातच, जुवेरिया. तळ बघायचा."

तळाशी भुगा होता.

मग माझी खतावणी.
बँकेनं न मागता दिलेलं व्याज,
चार हजार सातशे बारा,
फीच्या रकान्यातून उचलून
लाल शाईत वेगळं बसवलं
नकोशा पाहुण्यासारखं.
त्यातून मुलांच्या संडासाचा पाइप दुरुस्त झाला.
पुस्तकांना त्यातली पै लागू दिली नाही.

शिपायाचा पगार एक तारखेला, सकाळीच.
मी म्हटलं, फी तर दहाला येते.
"त्याची चूल आपली पावतीबुकं बघून पेटते का?"

एप्रिलात माहितीपत्रकं आली छापून, पाचशे.
मधल्या पानावर प्रयोगशाळा:
काचेच्या नळ्या, पांढरे कोट, निळं पाणी.
फोटो प्रेसवाल्यानं कुठून तरी उचललेला.
आमच्याकडे एक कपाट, एक चुंबक
आणि बरणीत रंग उडालेला बेडूक.

त्यांनी शिक्का करून आणला:
ही प्रयोगशाळा आमची नाही.
पाचशे वेळा मारला मी. मनगट भरून आलं,
रागही आला.
समोरच्यांनी तर पोहायचा तलाव छापलाय, मी म्हटलं,
इथं प्यायला टँकर, आणि ह्यांचा तलाव!

बराच वेळ गप्प.
मग शाईचा पॅड माझ्याकडे सरकवत,
"मी मिरचीवर पाणी मारायचो.
पहाटे, गाळा उघडायच्या आत. गोणीमागे किलोभर.
बारा वर्षं.
कुणी कुणी नेली ती मिरची, आता कुठं शोधू?"

त्या वर्षी एकोणीस प्रवेश कमी झाले.
ट्रस्टींच्या बैठकीत काय काय झालं ते लिहीत नाही.
एका बाईनं शिक्का वाचला, हसली, पुन्हा वाचला,
म्हणाली, बेडूक तरी दाखवा.
तिची मुलगी आता पाचवीत आहे.

काल रेतीबंदरला रिक्षा अडकली.
पोचले तेव्हा आठ वीस.
हजेरीपटावर बोटं सवयीनं
'आठ' लिहून मोकळी.
ऑफिसात कुणी नव्हतं.
शिक्का टेबलावर आडवा, शाई सुकलेली.

मी आठच्या पुढे
वीस लिहिलं.