कडा आधी

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी होडीच्या तळफळ्या काढल्या.
खाडीत बर्फाचे शेवटचे तुकडे
एकमेकांना ढोसत बसले होते.
तीन फळ्या धड निघाल्या. चौथी
चहात बुडवलेल्या पावासारखी हातात आली.
तूरे म्हणाला, मावशी, हिला चमचा लागेल.
लागला.

मारिएहाम्नच्या वखारीत आल्फन्सने
आधी बर्चचा प्लाय पुढे केला,
सायीच्या रंगाचा, नाक लावावंसं वाटणारा.
बर्चचे चमचे, बर्चचा पाळणा, बर्चचं जळण,
मी त्यावरच वाढले.
पण ओलीत बर्चचा भरवसा नाही,
हे आमच्या बेटांवर पोरंही सांगतात.
मग एक स्वस्त शीट, 'मरीन' असा निळा शिक्का मारलेली.
आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, ओकुमे,
गुलाबीसर, हलका, गाबोनहून आलेला,
किंमत ऐकून तूरेने टोपी काढली.

मी कडा पाहिल्या. वरचं रूप कुणीही घासून देतं.
नऊ मिलिमीटरमध्ये सात थर मोजले,
खिशातलं नाणं काढलं
आणि शिक्केवाल्या शीटवर वाजवत गेले,
टक, टक, टक,
टुक.
मोठं घर, पोकळ वासा.
आल्फन्स खिडकीबाहेर बघू लागला.

तरी दोन्हींचे तुकडे मागून आणले,
बटाट्याच्या पातेल्यात चार तास उकळले.
शिक्का पानापानाने सुटला,
भिजलेल्या पोथीसारखा.
ओकुमे फक्त काळवंडला.
त्या रात्रीच्या बटाट्यांना
डिंकाचा वास येत होता. कुणी बोललं नाही.

जुन्या फळ्या नव्यावर ठेवून पेन्सिल फिरवली.
तेव्हा दिसलं,
मधल्या फळीवर दुधाच्या कॅनांची चार वर्तुळं,
आणि त्यांच्यामागे एक खळगा, टाचेएवढा.
आई त्यात उजवी टाच रोवून वल्हवायची,
एकोणीस वर्षं, रोज सकाळी, पलीकडच्या डेअरीपर्यंत.
तूरेने विचारलं, वार्निशखाली वर्तुळं काढू का?
नको, म्हटलं. जरा जोरातच.

मग लाकूड तापवायचं. स्टोव्हशेजारी, तासभर.
तापलेलं लाकूड निवू लागलं की लावायचा पहिला हात,
निवताना ते रेझिन आत ओढून घेतं;
थंडावर लावून मग तापवलं तर
फोड येतात, एखाद्या पुरळासारखे.
दोनास एक, वजन करून,
अंदाजाने नाही, अंदाजाने माझा भाऊ मिसळायचा,
त्याची होडी अजून चिकट आहे.
मोठ्या डब्यात कालवलं तर ते तुमच्या हातात धुमसतं.
आणि कडा आधी.
पाणी वरून शिरत नाही, ते कडेने येतं,
स्क्रूच्या भोकातून येतं,
जिथे नसा कापलेल्या आहेत तिथून येतं.
म्हणून भोकं जाड पाडली, रेझिनने बुजवली,
वाळली की त्यातच पुन्हा बारीक भोक.
कडांना तीन हात. रात्री उठून चौथा.
काय करणार, त्या पीतच होत्या.

सकाळी साबण नसलेल्या पाण्याने पुसलं,
कारण वर एक मेणचट साय धरते
आणि तिच्यावर कुठलाच रंग बसत नाही.
मग पॉलिशपेपर, मग वार्निश,
उन्हापासून रेझिनला वाचवायला.

जूनमध्ये होडी पाण्यात. फळ्या सहज उचलता येतात,
खालचं पाणी उपसता येतं,
तूरे आनंदात, मी वल्ह्यांवर.
टाच घसरली.
पुन्हा रोवली, पुन्हा घसरली.
गुळगुळीत, निर्दोष, कुणाचीच नसलेली जागा.

परत येऊन धक्क्याजवळची वाळू घेतली,
चहाच्या गाळणीने गाळली,
जिथे उजवी टाच पडते
तेवढ्यावरच ओल्या वार्निशवर पेरली,
एका हाताएवढी.

चहाला आता नवी गाळणी लागेल.