पदेर ५.१०

केंकरे सरांच्या प्रबंधात
अकरावी सावली ही शिकण्याची सावली आहे.
पुठ्ठ्याची सावली अंगावरून सरकली की
चोडणच्या खाजनातला एकनांगी खेकडा बिळात पळतो.
दहा वेळा पळतो. अकराव्या वेळी नाही.
हे परीक्षेत लिहून मी गुण घेतलेत,
वर्गात शिकवून पगार.

सत्तावीस वर्षांनी तोच बांध, तीच सुकती,
तोच पुठ्ठा, म्हणजे तेवढ्याच मापाचा.
रायबंदरहून तीनची फेरी.

सुरू करण्याआधी सगळं लिहून काढलं:
किती खेकडे, किती वेळा,
काय झालं तर मी चुकले म्हणायचं.
पाकीट चिकटवून एस्पेरांसकडे दिलं.
तिनं ते सांत आंतोनीच्या तसबिरीमागं सरकवलं
आणि विचारलं, "लग्नाची पत्रिका?"

मोजणारी तीच.
मला काय हवंय ते तिला मुद्दाम सांगितलं नाही.
खेकडा पळाला की डब्यात एक चिंचोका,
नाही पळाला तर नाही.

अकरावी सावली. टण्ण.
पंधरावी. टण्ण.
विसाव्यालाही पळत होते,
जन्मात पहिल्यांदाच ढग बघितल्यासारखे.
चौघे तर पुन्हा वर आलेच नाहीत.

रात्री त्या चौघांवर पेन टेकवून बसले.
आजारी असतील. कवच टाकत असतील.
त्यांना वगळलं तर आकडा जरासा
सरांकडे झुकत होता,
आणि सर मला लेकीसारखं मानतात.
पण पाकीट आंतोनीकडे होतं,
हरवलेलं शोधून देणं हे त्याचं कामच.

चौघे राहिले.

मळ्यातल्या घरी सर रागावले नाहीत.
माळ्यावरून जुनी वही काढून दिली,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
समासात एका ओळीत, खोडलेलं:
पदेर ५.१०.

"रोज बांधावरून जायचा गं सायकलनं,
भोंगा वाजवत. मागं ही एवढी पाटी.
छापताना वाटलं, शास्त्रात पाववाला कशाला?"

म्हणजे ते खेकडे
आमच्या पुठ्ठ्याआधीच कुणाकडून तरी शिकलेले.
कदाचित.
आता मानशीपाशी बांध फुटलाय,
पदेर स्कूटरवरून डांबरी रस्त्यानं जातो.
मी वहीत "कदाचित" एवढंच लिहिलं
आणि पुढच्या सुकतीसाठी
एक सायकल भाड्यानं सांगून ठेवली.
पाटी एस्पेरांसची.

निघताना सर चहाचा कप विसळत होते.
पाठमोरेच म्हणाले,
"तुझी टोपी कुठल्या रंगाची होती?"

माझ्याकडे दोन आहेत.
वही उघडली.
वारा होता, भरतीची वेळ होती,
पुठ्ठ्याची जाडी मिलिमीटरमध्ये होती.