तेविसाव्या चाकूचं टोक

डेल्मर गेल्यावर चौदा महिन्यांनी
व्हर्ला स्टॉडर्डने तळघरातला तो रुंद खण ओढला.
हिरव्या बनातीवर एकसष्ट चाकू मिटून निजलेले,
बाहेर आयडाहोच्या डोंगरात उणे अठरा,
आत तेलाचा वास, अजून त्याच्या बोटांइतका ओला.

खणातच त्याची वही. प्रत्येक चाकूला आकडा,
आणि समासात, जागा मिळेल तिथे, त्याचा कायदा:
*लांबी सगळेच सांगतात, तू झीज सांग.*
*फोटो खिडकीपाशी काढ. दिव्याखाली गंजसुद्धा सोन्यासारखा दिसतो.*
*घासायचं तर दगडावर घास, किमतीवर नको.*
एका पानावर नुसतंच, दोनदा अधोरेखित:
*आधी जो 'घेतला' म्हणाला, त्याचा.*

तिने तेविसावा निवडला. तीन पाती, सांबरशिंगाची मूठ,
मोठ्या पात्यावर सफरचंदं कापून आलेली निळसर कळा.
जोड घट्ट, खटका खणखणीत, मुठीला एक केसाएवढी चीर.
चीर तिने चार बाजूंनी दाखवली.
एकशे चाळीस डॉलर, टपाल माझं.

सात वाजून दहा मिनिटांनी डुलूथहून आर्लो किवेला,
गोदीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस,
एवढंच लिहितो: घेतला.

सात चाळीसला टेक्सासहून दुसरा.
दोनशे वीस देतो, बाई. पैसे अजून आले नाहीत ना?
मग कुणाला काय कळणार.

व्हर्लाने धुतलेली बशी पुन्हा धुतली.
ऐंशी डॉलर म्हणजे दोन आठवड्यांचं सरपण.
हात पुसून तिने लिहिलं: चाकू गेला.
तो अजून टेबलावरच होता,
तिच्या चष्म्याशेजारी, उघडा.

मग बांधाबांध. पात्यांना तेलाचं बोट,
त्यावर कागद, त्यावर पुठ्ठा,
कारण पाकीट फोडणाऱ्याचा हात आपल्याला दिसत नसतो.
शेवटचं, सगळ्यात लहान पातं मिटताना
नखाला काहीतरी कमी लागलं.
टोक. नव्याने घासून आणलेलं टोक,
दोन-तीन गव्हांएवढं आखूड.

तिला आठवलं. एकोणऐंशी साल, नदीकाठचा तंबू,
डबा उघडायची चावी घरी राहिलेली,
आणि तो सरपणाला गेला असताना
पीचच्या डब्यात खुपसलेला हाच चाकू.
कट्, असा आवाज. तिने पुसून परत त्याच्या खिशात ठेवला होता.
चव्वेचाळीस वर्षं तिला वाटत होतं, त्याला कळलंच नाही.

तिने वही उघडली. तेवीस.
*टोक मोडलेलं, मी घासून सरळ केलं.
घेणाऱ्याला सांगायचं. व्हर्लाला नाही.*

ती बराच वेळ तशीच बसली.
पाणी पोलादाला देतात म्हणे, तापवून, एकदाच,
मग ते आत राहतं, वरून दिसत नाही.

रात्री तिने आर्लोला कळवलं:
लहान पात्याचं टोक आखूड आहे. मी मोडलं, पीचच्या डब्यावर.
आधी माहीत नव्हतं. वीस डॉलर परत घ्या,
नाहीतर सगळा सौदा मोडा, मला राग नाही.

उत्तर आलं: वीस तुमच्याकडेच राहू द्या.
तिने मग पाकिटात गुपचूप एक बोटभर चाकू जास्तीचा टाकला,
एकसष्टावा, ज्याला वहीत किंमतच नव्हती.

नवव्या दिवशी डुलूथहून एक कार्ड.
त्याला चिकटपट्टीने लावलेला एक तांब्याचा सेंट,
*फुकटचा चाकू मैत्री कापतो, म्हणून ही किंमत,*
आणि खाली, गोदीवाल्याच्या जाड अक्षरात:
*डबा उघडला का शेवटी?*

व्हर्ला तळघरात एकटीच हसली, मोठ्याने,
त्या घरात बऱ्याच दिवसांनी.
मग पेन शोधलं.
*उघडला,* तिने लिहिलं.
*तो येईपर्यंत अर्धे मीच संपवले होते.*