हातमोजा

अदलियातल्या त्या क्लबच्या हॉलमध्ये
एसी असा लावतात, जणू पडद्यावरची थंडीही
तिकिटातच धरलेली आहे. दोन दिनार,
मध्यंतरात चहा आणि एक समोसा.
मी दहाच्या ड्यूटीआधी आलेली,
युनिफॉर्मवर शाल, पायात पांढरे बूट,
शेवटून दुसरी रांग, दाराजवळ.
सवयच ती. कधी कोण हाक मारील, नेम नसतो.

जुने ब्रिटिश सिनेमे, पाच रात्री. आज चौथी.
बंदराचं गाव, धुकं,
दीपगृहावरच्या माणसाची बायको
रोज धक्क्यावर येते, बोटी मोजते, परत जाते.
एवढंच. दीड तास.
शेजारी कुट्टप्पन साहेब घोरत होते.
मला मात्र ती बाई आवडली.
वाट पाहताना ती रडत नाही, उसासत नाही,
हातमोजा काढते, घालते, काढते.
उजवा.
आणि एकदा, बोटीचा भोंगा वाजला तेव्हा,
डावा.

मला दिसलं. पंचवीस वर्षं चार्ट लिहितेय मी.
मिरजेला सिस्टर सालोमी म्हणायच्या,
डावा की उजवा हे देवाला काय विचारतेस,
पेशंटकडे बघ.

दिवे लागले. इब्तिसामबाईंनी पाहुणीला वर आणलं :
हिल्डा थ्रॉसेल, वय नव्वद, घोटे सुजलेले,
तीन पायऱ्यांना तीनदा थांबली.
नटी नव्हे, दिग्दर्शिकाही नव्हे.
कॅमेऱ्याच्या पायाशी स्टूल टाकून बसायची,
मांडीवर वही, गळ्यात स्टॉपवॉच :
कप कुठल्या हातात, सिगारेट कितपत जळली,
बट कानापुढे की कानामागे,
काल थांबलेलं आज तिथूनच सुरू व्हावं म्हणून.
"काहीच खटकलं नाही," ती म्हणाली,
"तर समजा, आम्ही तिथं होतो."

मी शाल आवळून घेतली.
बाई, याला आमच्यात हँडओव्हर म्हणतात.

मग तिनं प्रोजेक्टरवाल्या पोराला हात केला.
पुन्हा धक्का. पुन्हा भोंगा.
"थांबव. हा बघा मोजा. ही माझी चूक.
बावीस वर्षांची होते. जेवायला गेले होते
कुणाबरोबर तरी, उशिरा परतले."
हॉल हसला, मायेनं. कुणी म्हणालं,
छे, हे कुणाच्या लक्षात येतंय!
टाळ्या. फुलं. खजुराचा डबा.

उतरताना तिला हात मीच दिला.
कोपर धरायला गेले आणि बोटं आपोआप
मनगटावर सरकली.
दोन ठोके, एक गाळलेला,
मग घाईघाईनं तीन.
"तुला दिसला होता?" तिनं हळूच विचारलं.
माझे बूट पाहून विचारलं असेल.
"हो," मी म्हटलं. "तुम्ही सांगायच्या आधीच."
तिनं डोळे मिटले.
"बरं झालं. अडुसष्ट वर्षं
सगळे नाही नाहीच म्हणत आलेत."

तेव्हा सांगणार होते मी :
खाट अकरा, रमजानातली रात्र, दोन ते चार,
कोऱ्या राहिलेल्या दोन चौकटी.
सकाळी भरल्या.
एकशेवीस ऐंशी, एकशेवीस ऐंशी,
दुसऱ्या पेनानं, जरा जास्त निळ्या.
डॉक्टरांनी सही केली. तोवर
खाटेवरची चादर बदलून झाली होती.

पण फोटो निघायचा होता.
इब्तिसामबाई म्हणाल्या, सिस्टर, जरा बाजूला.
कुट्टप्पन साहेब जागे होऊन विचारत होते,
आली का शेवटी ती बोट?
मी म्हटलं, धुकं होतं, नीट दिसलं नाही.

वॉर्डात वैसांनी चाव्या हातात ठेवल्या,
चार नव्या, एक तापाचा, अकरा रिकामी.
मी पहिला चार्ट ओढला.
तारीख घातली. वेळ, नऊ छप्पन्न.
पेन चालतंय का, ते तळहातावर
रेघ मारून पाहिलं.
डाव्या.