मधली वाट

सामलआजोबांची तक्रार एवढीच होती:
यंत्र जड झालंय, पोरी. ओढत नाही.
एल्दुविकला बस आधी फोन केला तरच जाते.
मी केला, आणि गेले.

पडद्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.
मेंढ्या. मेंढ्या नवीन. मेंढ्या नवीन खऱ्या.
मेंढ्या ह्याच, बाकीच्या उघडू नये.
लोकरीची तीन वर्षांची बिलं एकमेकांच्या अंगावर रेललेली,
दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, दोनदा,
एका बोटीची जाहिरात (विकून आठ वर्षं झाली, म्हणाले),
आणि सगळ्याच्या मागे, फटीफटींतून,
निळं काहीतरी.

मागे काय आहे हो?
आठवत नाही. डोंगर असेल.
डोंगर सगळीकडेच असतो.

खालच्या पट्टीवर सतरा चित्रं,
त्यांतल्या नऊंच्या खांद्यावर लाल ठिपका, ठिपक्यात आकडा.
कोपऱ्यात हवामान सरकत होतं: धुकं, धुकं, ऊन, धुकं.
खिडकी हाताच्या अंतरावर.
खिडकीतही धुकंच.

मी एक फोल्डर केला, नाव ठेवलं 'जुनं',
आणि जाळं ओढावं तसं सगळं एका झटक्यात आत घेतलं.
पडदा रिकामा.
आजोबा पांढरे पडले.
मेंढ्या कुठायत?
आत आहेत. सगळ्या आहेत.
त्या डावीकडून तिसऱ्या होत्या, दातांच्या खाली.
आवरून दिलं की लोक आभार मानतात, असा माझा अनुभव.
या माणसानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला,
आणि चोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

होतं तसं परत मांडलं मी सगळं.
कॉफी झाली. वाऱ्यावर वाळवलेलं मटण
नको म्हणत म्हणत खाल्लं.
मग ते मला खाली घेऊन गेले, नावघरात.

भिंतीवर खिळ्याखिळ्याला काही ना काही:
वल्ही, दोर, गळ, फुटका कंदील,
कुणाचा तरी एकच बूट.
फेकलेलं असं काहीच नाही.
पण मधोमध, मागच्या भिंतीपासून पाण्याकडच्या दारापर्यंत,
नावेच्या रुंदीएवढी जमीन मोकळी. झाडलेली.

इथे काही ठेवायचं नाही. बापाची ताकीद.
नाव काढायची वेळ येते तेव्हा
बादल्या हलवत बसायला वेळ नसतो.
असं म्हणाले, आणि थांबलेच.
कितीतरी वेळ वल्ह्यांकडे बघत राहिले.
वर चल, म्हणाले.

मग आम्ही दोघांनी, एकेक धरून, सावकाश.
मेंढ्या डावीकडे, तिसऱ्याच जागी.
बिलं उजव्या भिंतीला.
बोटीची जाहिरात त्यांना टाकवेना;
असू दे म्हटलं, त्या बुटासारखी.
हवामान त्यांनी स्वतःच काढलं,
खिडकीकडे एकदा बघून.

लाल ठिपक्यांपाशी अडले.
हे कोण बोलावतंय?
कुणी नाही.
मग दिवा कशाला?
समुद्रात उजवीकडून लाल दिवा आडवा आला
की वाट आपण द्यायची, नियम आहे.
चार वर्षं झाली, पोरी,
मी दिवसभर ह्यांना वाट देत बसलोय.

नऊच्या नऊ विझवले.

आता मधे नुसतं निळं होतं.
डोंगर नव्हताच.
यंत्राबरोबर आलेलं
कुठल्याशा वाळवंटावरचं आभाळ.
सामलआजोबांनी वाकून ते नीट पाहिलं.
कोरडं दिसतंय, म्हणाले,
आणि मेंढ्या उघडल्या.