खडूच्या खुणा

ज्या शहराच्या नावाचा अर्थच होडी
आणि नद्या मात्र रस्त्यांखाली बुजवलेल्या,
त्या वूचमध्ये, जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी चाळीस टेबलांना चाकं लावली.

भिंती नकोत, म्हणाले होते मी.
पडदे असू देत, जाड लोकरीचे, रुळांवर सरकणारे,
आणि खुर्च्या अशा, की कुठलीच कुणाची नसावी.
मालक खूश. फोटोबिटो काढून झाले.
मग माणसं आली
आणि पहिल्याच सकाळी ज्यानं त्यानं
पायानं आपापल्या चाकाचा ब्रेक दाबला.
खट्. खट्. चाळीस वेळा.

हिशेब बघणाऱ्या ओल्गेर्दनी तर
निवडुंगाची कुंडी, नातीचा फोटो, जाडजूड कॅल्क्युलेटर
असा तीन बाजूंनी तट उभारला.
"मी काय भाजीची गाडी आहे, ढकलायला?"

महिनाभर जात राहिले. बसून बघत राहिले.
नव्या कल्पना सुचाव्यात म्हणून केलेल्या हिरव्या कोनाड्यात
एकच जण जायचा,
फोनवर बायकोशी भांडायला.

एका रात्री उशीर झाला, तेव्हा ओरिस्या दिसली,
तेर्नोपिलहून आलेली, फरशी पुसणारी.
एप्रनच्या खिशात निळ्या खडूचा तुकडा.
"पुसायला टेबलं हलवावी लागतात ना,
सकाळी कुणाची ओरड नको,
म्हणून चाकांभोवती खुणा करून ठेवते.
रोज नव्या कराव्या लागतात," ती वैतागून म्हणाली,
"जागेवर राहतात कुठे ही माणसं!"

मी फोनचा दिवा लावून वाकले.
यंत्रांचे बोल्ट जिथं गाडलेले, ती भोकं अजून लाकडात होती:
तेव्हा यंत्रं खिळलेली, आणि बायका धावायच्या.
त्या भोकांवरून निळ्या वर्तुळांच्या रांगा निघाल्या होत्या,
दिवसाला चार बोटं, कधी वीतभर,
सगळ्या पूर्वेच्या खिडकीकडे,
जिथं जुना लोखंडी रेडिएटर अजून तापतो
आणि कुणीतरी घरून एक पोचा पडलेली किटली आणलीय.
ब्रेक कधी निघाले, कुणी कबूल करणार नाही.
ओल्गेर्द तर सात वर्तुळं ओलांडून गेले होते,
निवडुंगासकट,
चित्रं काढणाऱ्या त्या कालिनाच्या शेजारी.

मग मी एवढंच केलं.
हिरवा कोनाडा उखडला,
त्याच्या फळ्यांचा एक लांब बाक रेडिएटरपाशी ठेवला,
चहा सांडला तरी चालेल असा,
आणि किटलीसाठी प्लग.

मालकानं विचारलं, सुधारित आराखडा कुठाय?
म्हटलं, वाका.

ओरिस्या दारात उभी होती, बादली घेऊन.
"खडूचे पैसे कोण देणार?" तिनं विचारलं.
बिलात ती ओळ मी सगळ्यात वर घातली.